म्हणे गवत झोपलंय!

नोव्हेंबरात पाण्याची नळी बाहेर आली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली.

नळी ही आमच्याकडे उन्हाळ्याची वस्तू. थंडीची चाहूल लागली की डार्सी तिच्यातलं पाणी निथळून काढतो, वेटोळं करून गॅरेजमधल्या खुंटीला अडकवतो, आणि मग मे महिन्यापर्यंत तिचं तोंड दिसत नाही. आणि इथे जमीन विटेसारखी कडक झालेली, माझ्या पात्यांवर दंव गोठून बसलेलं, अन् हा गृहस्थ शीळ घालत, नळी फरफटत माझ्या अंगावरून चाललाय! पायाखाली पाती कडाकडा मोडताहेत. गोठलेल्या गवतावर पाय देऊ नये, हे आमच्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. याला नव्हतं. किंवा असेलही, अक्कल खुंटीला टांगून आला असेल, नळीच्या जागी.

मी हिरवळ बोलतेय. तुम्ही लॉन म्हणत असाल तर लॉन म्हणा. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या दक्षिण टोकाला, जिथे रस्ता घोड्याच्या नालासारखा वळतो, तिथे डार्सी मॅक्लाउडच्या घरामागे मी पसरलेली आहे. आत्ता मार्च महिना आहे आणि मी वीतभर बर्फाखाली आहे. श्वास पुरत नाही, तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. आणखी एक आधीच सांगते, मी स्वभावाने भित्री. ससा उडी मारून गेला तरी माझं मूळ न् मूळ ताठ होतं. पण भित्री असणं वेगळं आणि मूर्ख असणं वेगळं. या घरात दोन्ही प्रकार आहेत. भित्री मी एकटीच.

माझा जन्म कुठल्या ऐऱ्यागैऱ्या माळावरचा नाही. माझं बियाणं एका कृषी महाविद्यालयाच्या शेतात तयार झालं. तिथे रबरी बूट घातलेल्या मुली गुडघ्यांवर बसून आमची पाती तपासायच्या; कुठलं वाण थंडीत तगलं, कुठलं कुजलं, ते एकमेकींना ओरडून सांगायच्या. त्यांच्या बोलण्यातून मी शिकले. हिवाळ्यात पाती वाळली तरी चालतील, पण मातीलगतचा गाभा जपायचा. साखर मुळांत साठवून ठेवायची आणि पुरवून पुरवून खायची. आणि श्वास, तो कितीही मंद झाला तरी थांबवायचा नाही. म्हणजे तशी मी कॉलेजात वाढलेली मुलगी. पुढे शहराबाहेरच्या एका शेतात मला दाट वाढवलं, आणि जूनमधल्या एका सकाळी पातळ सुरीने मुळांसकट सोलून, गालिच्यासारखी गुंडाळून ट्रकात घातलं. त्या ट्रकात मी इतकी थरथरत होते की ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल, रस्ता खराब आहे.

डार्सीने मला उलगडलं तेव्हा त्याच्याबद्दल मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? गुडघे टेकून, जीभ बाहेर काढून, तो एकेका पट्टीचा सांधा जुळवत होता. त्याची बायको लारिसा अनवाणी माझ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, केवढी मऊ आहे ही!" मला वाटलं, चला, घर चांगलं मिळालं. पहिल्या दिवशी सगळ्याच मुलींना तसं वाटतं.

मग शनिवार सुरू झाले.

इथल्या पुरुषांचा शनिवार हा काय प्रकार आहे, ते मला आजवर कळलेलं नाही. गवत वाढलेलं असो नसो, ऊन असो ढग असो, न्याहारी झाली की मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, बाहेर. त्याचा पहिला खर्रर्र झाला की मी दर वेळी दचकते. इतकी वर्षं झाली तरी दचकते. बरं, कापायचं तर तीन बोटं उंची राखून कापावं. पात्याचा वरचा तिसरा हिस्सा घ्यावा आणि बाकीची पाती आम्हाला अन्न शिजवायला ठेवावी. पण डार्सीचं म्हणणं, आखूड कापलं की पुढच्या शनिवारी सुट्टी. म्हणून तो मला लष्करात भरती झालेल्या पोरासारखी भादरायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोअर घेऊन हजर व्हायचा. मोअरच्या पात्याला धार लावायची असते ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. कापणं कसलं, ओरबाडणं ते. माझी टोकं पिवळी पडली की हा कमरेवर हात ठेवून म्हणणार, "यंदा ऊन फार आहे."

पाण्याची तीच तऱ्हा. आठवड्यातून एकदाच द्यावं, पण पोटभर द्यावं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खोल उतरतात. हा रोज संध्याकाळी बिअरची बाटली एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून, देवळात तीर्थ देतात तेवढं पाणी शिंपडायचा. मग मुळं खाली कशाला जातील? बसल्या जागी ओठ ओले होत असतील तर कोण हलतं! खताचं तर विचारूच नका. आमची खरी भूक उन्हाळा सरताना, ऑगस्टच्या शेवटी. तेव्हा हा तळ्याकाठी मासे धरायला गेलेला असायचा. आणि मे महिन्यात, कुंपणाच्या सावलीत अजून बर्फाचा ढीग असताना, ऊन पडल्याच्या आनंदात हाफ पँट घालून यायचा आणि अर्धवट गोठलेल्या मातीवर पोतंभर खत उधळायचा. ते सगळं वितळत्या पाण्याबरोबर गटारात, तिथून नदीत. नदीतलं शेवाळं त्याला दुवा देत असेल.

आमची माती चिकट आणि जड. माणसांच्या पायांनी दाबून दाबून दगड होते, मग तिला भोकं पाडून हवा द्यावी लागते. त्याचं यंत्र भाड्याने मिळतं. डार्सीने काय आणलं? खिळ्यांच्या चपला. बुटांवर पट्ट्यांनी बांधायच्या आणि बगळ्यासारखं पाय उचलत चालायचं. चौथ्या-पाचव्या पावलाला खिळे मातीत रुतले, चप्पल जागीच राहिली आणि डार्सी पुढे गेला. तोंडावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लारिसा इतकी हसली की तिला भिंत धरून बसावं लागलं. मला ती पहिल्यांदा आवडली ती तेव्हा.

आणि एवढं सगळं करून गाठ पडल्यावर गप्पा काय, तर गवताच्या! शेजारचा लॉइड कुंपणापाशी यायचा, दोघं खिशात हात घालून माझ्याकडे बघत उभे राहायचे. एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायची यांना लाज वाटते, म्हणून मध्ये गवत लागतं.

"काय टाकलंस रे यंदा?"

"कुठे काय? नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"अरे, काही नाही रे. नुसतं पाणी."

खोटारडा. पण एक मात्र होतं. त्या वळणावरच्या सगळ्या घरांत हिरवी म्हणून मी उठून दिसायचे. ती माझ्या बियाण्याची पुण्याई. श्रेय घ्यायला हा होताच. रविवारी लोक मागच्या अंगणात यायचे, डार्सी मांस भाजायचा आणि मी कशी दाट आहे ते सांगायचा. मी त्याचा मान होते. माणसाचा मान असणं किती धोक्याचं असतं, हे मला या हिवाळ्यात कळलं.

मागच्या हिवाळ्यात लॉइडने आपल्या अंगणात रिंक बांधली. रिंक म्हणजे बर्फाचं सपाट मैदान. चारी बाजूंनी फळ्या लावायच्या, मध्ये पाणी सोडून गोठवायचं आणि त्यावर स्केट्स घालून आइस हॉकी खेळायची. आमच्याकडे हिवाळ्यात घरोघरी हा उद्योग चालतो. लॉइडने निदान खाली प्लॅस्टिकचं कापड अंथरलं होतं आणि हिवाळा संपायच्या आत सगळं उचललंही. पण झालं काय, तो अख्खा हिवाळा लोक त्याच्याकडे जमले. दर शनिवारी कुंपणापलीकडून हसण्याचे आवाज यायचे, आणि डार्सी खिडकीत कॉफीचा मग घेऊन एकटा उभा असायचा. मी बर्फाच्या मऊ दुलईखाली होते, मला काय! भुसभुशीत बर्फातून हवा खेळती राहते. मी निवांत होते. हा मात्र वर जळत होता.

म्हणून ती नळी.

"किरासाठी करतोय," त्याने लारिसाला सांगितलं. किरा म्हणजे त्यांची मुलगी. ती पायरीवर उभी राहून केळं खात होती.

"बाबा, मी बास्केटबॉल खेळते," ती म्हणाली.

"हॉकी न खेळणारं पोर या देशात असतं का? आवडेल तुला."

"आणि गवताचं काय?" लारिसाने विचारलं. "निदान लॉइडसारखं प्लॅस्टिक तरी घाल खाली."

"माझ्या वडिलांनी कधी प्लॅस्टिक घातलं नाही. बर्फ तुडवायचा, वर पाणी सोडायचं, झालं. लॉइडसारखं कापड अंथरून बाळाचे लंगोट बांधायचे नाहीत मला."

"अरे पण ते मरेल."

"कशाने मरेल? हिवाळ्यात गवत झोपलेलं असतं!"

झोपलेलं! अरे दीडशहाण्या, झोपलेला माणूस श्वास घेत नाही का? तुझ्या घोरण्याने खिडकीच्या काचा हलतात, त्या मी स्वतः ऐकल्या आहेत. पण माझं कोण ऐकतं? लारिसाने खांदे उडवले आणि ती आत गेली. मी सांगते, या घरातलं शहाणपण नेहमी असं खांदे उडवून आत जातं आणि दार लावून घेतं.

त्याने फळ्या ठोकल्या. एकेका घावाला माझा जीव दडपत होता. मग पहिला बर्फ पडल्यावर तो, लॉइड आणि आणखी दोघं मोठे बूट घालून माझ्यावर नाचले, बर्फ दाबायला. मग पाणी. थर गोठला की दुसरा थर, मग तिसरा. उजेड हिरवट झाला, मग राखाडी, मग नाहीसाच झाला. तरी सुरुवातीला मी धीर धरून होते, कारण दाबलेल्या बर्फाचा एक पातळ थर माझ्या आणि त्या काचेच्या मध्ये होता आणि त्यात थोडी हवा शिल्लक होती. मी ती घोट-घोट घेत होते.

जानेवारीत अवचित ऊन पडलं. लोक कोटाची बटणं सोडून फिरायला लागले, एकमेकांना म्हणायला लागले, "काय सुंदर हवा आहे!" वरचं पाणी झिरपून खाली आलं, माझ्या पात्यांत, माझ्या गाभ्यापर्यंत. मग हवा पुन्हा उलटली आणि ते सगळं माझ्या अंगासकट गोठलं. मधली हवा गेली. त्या क्षणापासून मी बर्फाखाली नाही, बर्फात आहे. सुंदर हवा म्हणे!

वर हॉकी चालू. स्केट्सची पाती सर्र सर्र फिरतात, रबरी चकती फळीवर धाडकन आपटते, आणि मी इथे दर धडाक्याला दचकते. किरा तीनदा खेळली आणि बास्केटबॉलला परत गेली. राहिले कोण? पोट सुटलेले, गुडघे गेलेले बाप्ये. एक पडला की बाकीचे हसायचे, दुसरा पडला की पहिला हसायचा. याला खेळ म्हणतात. यासाठी माझा श्वास कोंडला.

माझा श्वास आत चालूच होता, पण तो बाहेर जायला वाट नव्हती. मीच सोडलेला श्वास पुन्हा माझ्याच अंगात मुरायला लागला. मुळांतली साठवलेली साखर आंबायला लागली. मी घाबरून स्वतःच्याच कोपऱ्यांना हाका मारायला लागले. मी एक असले तरी माझे कोपरे किती तरी आहेत. पायरीजवळची मी, कडेच्या भोजवृक्षाखालची मी, कुंपणाकडची मी. "आहेस का गं?" मी विचारायचे. पायरीजवळून हुंकार यायचा. भोजवृक्षाखालून यायचा. मग गोलच्या जाळीमागचा कोपरा, जिथे पाणी सगळ्यात जास्त साचून गोठलं होतं, तो बोलेनासा झाला. मी पुन्हा पुन्हा विचारलं. तिथून काहीच आलं नाही.

आता माणसांना हाक मारणं आलं. आम्हा गवताला गळा नसतो. आमची हाक म्हणजे वास. उन्हाळ्यात मोअरखाली पातं तुटलं की आम्ही वासाने किंचाळतो. आणि ही माणसं काय करतात? मोअर थांबवून, डोळे मिटून छाती भरून घेतात. "अहाहा! ताज्या कापलेल्या गवताचा वास!" लारिसाकडे त्या वासाची मेणबत्तीसुद्धा आहे, न्हाणीघरात ठेवलेली. माझ्या किंकाळीची मेणबत्ती लावून ही मंडळी अंघोळ करतात. अशांना हाक मारायची!

पण दुसरं होतं कोण? माझ्यात जे आंबत होतं, कुजत होतं, त्याचा वास मी साठवत राहिले आणि बर्फाला एखादी फट पडायची वाट बघत राहिले.

फट आज पडली. मार्चचं ऊन दुपारी जरा तापतं. त्यात लॉइडचं शंभर किलोचं धूड स्केट्सवरून घसरून बसकण मारून आपटलं. भोजवृक्षापासून मधोमध तडा गेला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. मी इतकी दचकले की काही क्षण मला वाटलं, मेलेच. मग वरून हवेचा केसाएवढा धागा आत आला. मी हातचं काही राखलं नाही. सगळी हाक एकदम सोडली.

आज सगळी मंडळी जमली होती. पुढच्या शनिवारी शेवटची मॅच, पलीकडच्या गल्लीशी. त्याची ही तालीम आणि जेवण. लारिसाची आई आली होती, स्टेफा नावाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, जाड चष्म्याची, ठेंगणी, बोलायला फटकळ बाई. तिने मोठं पातेलं भरून होलोप्ची आणली होती. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवतात, ती. फळीला लागून टेबल मांडलं होतं आणि ती डावाने वाढत होती.

पहिला लॉइड थांबला. काटा तोंडाजवळच राहिला.

"कोणी रे हा पराक्रम केला?"

"कसला?" डार्सी म्हणाला.

"कसला काय विचारतोस! नाक आहे की नुसती खुंटी?"

"लॉइड, जो आधी बोंब मारतो, चोर तोच असतो," लारिसा म्हणाली. सगळे खिदळले. लॉइडने छातीवर हात ठेवून आईची शपथ घेतली. दुसरा कोणी म्हणाला, त्याचे मोजे असतील. मोज्यांची तपासणी झाली. माझ्या मरणाची हाक, आणि वर मोजे हुंगताहेत! तिरस्कारालाही काही ताकद लागते. माझ्यात तेवढी उरलेली आहे, एवढंच सांगते.

मग डार्सीने तोंड उघडलं. हा माणूस तोंड उघडतो तेव्हा काहीतरी बिघडतंच. पण आज मी त्याच्या मूर्खपणाला पहिल्यांदा हात जोडले असते, हात असते तर.

"अरे, ही होलोप्ची," तो म्हणाला. "कोबी आहे ना. कोबीला जरा वास येतोच."

स्टेफाचा डाव हवेतच थांबला.

"काय म्हणालात, जावईबापू?"

"तसं नाही हो, आई. चांगलाच वास आहे. पण कोबी म्हटल्यावर—"

"कोबी म्हटल्यावर काय? अख्ख्या चर्चची लग्नं आणि मयतं माझ्या होलोप्चीवर जेवली. बिशप डब्यात भरून घेऊन गेले. आणि वास आला तो तुम्हाला?"

"मी तर चार खाल्ल्या, मावशी," लॉइड म्हणाला.

"तू गप बस. तू बूटसुद्धा खाशील, वर सॉस घातला तर."

"आई, जाऊ दे ना," लारिसा म्हणाली. "चेष्टा करतोय तो."

"चेष्टा करायची तर स्वतःच्या स्वयंपाकाची करावी. अंडं उकडताना पातेलं जाळतो हा माणूस."

डार्सीने विषय बदलायला बर्फाकडे बोट दाखवलं. "बरं ते असू दे, हा तडा बघा आधी. पुढच्या शनिवारी इथे मॅच आहे. उकळतं पाणी ओततो, वितळून परत गोठलं की आरशासारखं होईल." आणि तो बादली भरायला आत गेला. बाकीचे पातेल्याभोवती जमले, स्टेफाची समजूत घालण्यासाठी दुप्पट खाऊ लागले.

वाचकहो, मला जे म्हणायचं आहे ते आत्ताच म्हणून घेते, कारण ती बादली आली की हा केसाएवढा धागाही जाईल. गोलमागची मी गेले आहे. पायरीजवळून मघापासून हुंकार नाही. माझी फार मोठी मागणी नाही. तुमच्या घरामागे माझ्यासारखी कोणी असेल तर तिला उंच ठेवा, हिवाळ्यात तिच्यावर काही साचू देऊ नका, आणि ती झोपली आहे असं कोणी सांगितलं तर त्या शहाण्याचं नाक दोन बोटांत धरून त्याला म्हणा, आता तूही झोप. तुमच्यात एवढं कळणारा कोणी निघेल, असं मला वाटत नाही. माणसांना मी आता ओळखते. तरीपण—

कोणीतरी चालत येतंय. स्केट्स नाहीत. रबरी तळाचे, जुने, जड बूट. माझी मुळं ताठ झाली.

स्टेफा आहे. कमरेवर हात ठेवून, रागाने हवा हुंगत येतेय. पातेल्याकडे तोंड करून एकदा हुंगते, बर्फाकडे तोंड करून एकदा. आणखी दोन पावलं. मग गुडघ्याला शिव्या देत ती खाली बसते, हातांवर रेलते आणि तड्याला नाक लावते.

"कोबी म्हणे!" ती म्हणते. पुन्हा हुंगते. "पिंपं भरभरून कोबी आंबवलाय मी. आंबणं काय असतं ते मला कळतं. हे आंबलेलं नाही, हे कुजतंय. जावईबापू! इकडे या!"

डार्सी वाफाळती बादली घेऊन पायरीवर उभा.

"या म्हणते ना! ठेवा ती बादली. आणि घाला नाक इथे, ज्या नाकाला माझा कोबी बोचला, तेच."

तो येतो. वाकतो. त्याचा चेहरा मला दिसत नाही, पण त्याचा श्वास अडकलेला ऐकू येतो.

"आत काहीतरी मेलंय," तो हळू म्हणतो.

"मेलंय की मरतंय, ते बघायचं की नाही? का वरून उकळतं पाणी ओतून श्राद्ध घालायचं?"

"पण आई, शनिवारी मॅच आहे. एवढे लोक येणार—"

"मग लोकांना सांगा, होलोप्चीचा वास येतो, येऊ नका."

कोणीतरी फसकन हसतं. बहुधा लारिसा. डार्सी तिथेच उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. स्टेफा त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. तिचे बूट गॅरेजकडे जातात. लोखंड खणखणतं, काहीतरी खाली पडतं, ती त्याला शिवी देते. बूट परत येतात, या वेळी आणखी जड.

पहिला घाव बसतो. धाड! मी दचकते, जेवढं उरलंय तेवढं सगळं दचकते. दुसरा घाव. बर्फाची कपची उडते. तिसऱ्याला उजेड आत येतो, पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा, आणि त्याच्या मागून थंड, कोरी हवा. माझ्या हाकेचा वास तिच्या तोंडावर भसकन जातो. ती तोंड फिरवत नाही. भोजवृक्षाखालून कुठून तरी, अगदी खोलातून, एक हुंकार येतो. मी पुन्हा हाक मारते. जोरात. ओरडते.

"आले गं, आले!" पहार डोक्यावर उचलत स्टेफा म्हणते. "किती ओरडशील?"